झानाबेर्गेनच्या घरचं कार्य

एकशे नव्वद माणसांपैकी एकशे सत्त्याऐंशी जणांनी दहा मिनिटांत त्या लिंकवर बोट दाबलं, तेव्हा आपला संगणकच बिघडला असावा अशी एर्झिगितने आधी मनापासून आशा केली. मग त्याने पहिल्या चार-पाच नोंदी उघडून पाहिल्या. लोकांनी नुसती लिंक उघडली नव्हती. पासवर्ड टाकला होता, आणि खालच्या रिकाम्या चौकटीत 'आम्ही सहा जण, शिवाय आजी' असं हौसेने लिहिलंही होतं.

अक्ताऊ बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलवर एर्झिगित संगणक सुरक्षा विभागाचा प्रमुख होता, आणि विभागात दुसरं कुणीच नसल्यामुळे शिपाईही तोच होता. दोन महिने तो घसा कोरडा होईस्तोवर एकच गोष्ट सांगत होता. अनोळखी लिंक उघडू नका, घाई करायला लावणाऱ्या निरोपावर विश्वास ठेवू नका, शंका आली की फोनवरचं तक्रारीचं लाल बटण दाबा. टर्मिनलचा सगळा कारभार आता बिनकागदी होणार होता. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय हे फक्त संगणकाला ठाऊक असणार, म्हणजे एका माणसाचं बोट चुकलं की सगळा धक्का ठप्प.

मंजुरी देण्यासाठी राजधानीतून तोल्गनाय नावाची तपासनीस आली होती. तिची अट सोपी होती. एर्झिगितनेच एक फसवा निरोप सगळ्यांना पाठवायचा, आणि शंभरात दहाहून जास्त माणसं फसली तर मंजुरी नाही. "निरोप कसला ते मला सांगू नका," ती म्हणाली होती, "आणि माझंही नाव यादीत घाला. नियम म्हणजे नियम." मंजुरी मिळाली नाही तर सुरक्षा विभाग बंद करून त्या खोलीत जहाजांचे दोरखंड ठेवणार, असं संचालक दुइसेनबायने हसत हसत सांगून टाकलं होतं. दुइसेनबाय हसत हसत सांगायचा तेच खरं करायचा.

सरावासाठी एर्झिगितने आधी बँकेची नोटीस पाठवून पाहिली होती, सोडतीचं बक्षीस पाठवून पाहिलं होतं. कुणी हूं की चूं केलं नव्हतं. त्यामुळे तो हुरळला आणि खऱ्या चाचणीला काहीतरी इथल्या मातीतलं हवं असं त्याच्या डोक्यात आलं. त्याने लिहिलं, 'शनिवारी संध्याकाळी सहा वाजता अक केरुएन सभागृहात आमच्या मुलाच्या लग्नाला सहकुटुंब यावं. झानाबेर्गेन आणि परिवार.' आडनाव घातलं नाही, वधूवरांची नावं घातली नाहीत, आणि टर्मिनलच्या यादीत झानाबेर्गेन नावाचा कुणीच नाही याची खात्रीही करून घेतली. असल्या मोघम आमंत्रणाला कोण भुलणार, असा त्याचा हिशोब. इथे माणूस एक वेळ पगाराला यायचा चुकेल, पण लग्नाला गेला नाही तर नातवंडांपर्यंत टोमणे ऐकावे लागतात. हे जन्मापासून याच गावात राहिलेल्या एर्झिगितला त्या क्षणी आठवलं नाही, याला काय म्हणावं.

त्याने ताबडतोब दुसरा निरोप धाडला. 'झानाबेर्गेनच्या घरचं लग्न खोटं आहे. ती सुरक्षेची चाचणी होती. कुणीही जाऊ नये. एर्झिगित.' आणि तो डोळे मिटून खुर्चीत मागे रेलला.

पाच मिनिटांनी डोळे उघडले तर पडदा काळा. एकशे सत्त्याऐंशी जणांनी लाल बटण दाबलं होतं. पन्नासांहून जास्त लोकांनी ज्याच्याविरुद्ध लाल बटण दाबलं त्याचं खातं आपोआप बंद व्हावं, हा नियम एर्झिगितनेच केला होता आणि त्याबद्दल पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. बंद खातं उघडायचा अधिकार फक्त सुरक्षा प्रमुखाला होता, आणि तो वापरायला आधी खात्यात शिरावं लागत होतं. त्याने बराच वेळ डोकं धरून हा घोळ उलटसुलट करून पाहिला, पण घोळ त्यानेच बांधला असल्याने कुठेही ढिला नव्हता.

मग तो पायी निघाला. पहिली चौकी फाटकावर, तिथे कुल्झिपा आपाय, सगळ्या धक्क्याच्या थोरल्या ताई, बसायच्या. तीस वर्षं त्या ट्रकांच्या नोंदी करत होत्या आणि एर्झिगितची शिकवणी त्यांनी वहीत उतरवून घेतली होती.

"आपाय, तो दुसरा निरोप माझाच होता. खरा होता."

"तूच सांगितलंस ना बाळा, ओळखीच्या माणसाचं नाव लावून चोर निरोप पाठवतात म्हणून?" कुल्झिपा आपायनी वही उघडून त्यावर बोट ठेवलं. "हे बघ. 'घाईघाईने काही रद्द करायला सांगितलं तर समजावं की लबाडी आहे.' तुझीच वाक्यं आहेत."

"पण आता मी समोर उभा राहून सांगतोय ना."

"समोर उभा राहून तू असंही म्हणाला होतास की चोर समोर येऊनही गोड बोलतो." त्यांनी वही मिटली. "शिकवलेलं लक्षात ठेवलं तर रागावतोस का?"

तो क्रेनच्या खाली गेला. कोइशिबाय आगा, सगळ्यात जुना क्रेनवाला, चहा घेत बसला होता. त्याने झानाबेर्गेन कोण हे शोधूनही काढलं होतं. शेत्पे गावचा झानाबेर्गेन, त्याच्या आईच्या मावसभावाचा मुलगा. फोन करून अभिनंदनही करून झालं होतं. एकट्या कोइशिबायची ही गत नव्हती. धक्क्यावर ज्याला विचारावं त्याला झानाबेर्गेन कुठून ना कुठून नात्यातला निघत होता. आपल्याला आमंत्रण देणारा माणूस आपण ओळखत नाही असं म्हणणं म्हणजे स्वतःची पिढीजात शोभा करून घेणं, आणि ते करायला एकही जण तयार नव्हता.

"आगा, झानाबेर्गेन म्हणून कुणी नाहीच आहे," एर्झिगित कळवळून म्हणाला. "तो मी बनवलाय."

कोइशिबायने पेला खाली ठेवला आणि त्याच्या पाठीवर हात फिरवला. "तुला आमंत्रण आलं नाही, होय ना? लागतं रे मनाला, लागतं. पण म्हणून दुसऱ्याच्या कार्यात बिब्बा घालू नये. आमच्याबरोबर चल. आम्ही सहा आहोत, सातवा तू."

दुपारपर्यंत सगळ्या टर्मिनलवर एर्झिगितबद्दल हळहळ पसरली. संध्याकाळी घरी गेला तर आई उशीत तोंड खुपसून बसलेली. अख्ख्या बंदराला आवतण आणि आपल्यालाच नाही, असं काय केलंस त्या झानाबेर्गेनला, एवढंच ती विचारत राहिली. त्याने तिला दोनदा सगळं समजावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली की खोटं बोलायची सवय तुझ्या बापालाही होती.

बुधवारी भानगड आणखी वाढली. शनिवारी संध्याकाळी बाकूहून जहाज लागायचं होतं आणि त्याच पाळीच्या रजेचे एकशे बारा अर्ज आले होते. निदान आता तरी दुइसेनबाय भडकेल, चौकशी करेल आणि खरं बाहेर येईल, या आशेने एर्झिगित त्याच्या खोलीत शिरला. दुइसेनबाय आरशासमोर उभा राहून वधूवरांना द्यायच्या आशीर्वादाचं भाषण पाठ करत होता. वडीलधारा म्हणून आपल्यालाच बोलायला सांगतील, हे त्याने गृहीत धरलं होतं.

"दुइसेके," त्याने आदराने हाक मारली, "जहाजाचं काय करायचं?"

"वाऱ्यामुळे बंदर बंद," दुइसेनबाय म्हणाला. शनिवारी सहा वाजल्यापासून जोराचा वारा सुटणार अशी नोंद त्याने बिनकागदी वहीत बुधवारीच करून टाकली होती. बिनकागदी वहीने ती मुकाट्याने घेतली.

अक केरुएनमध्ये तरी शनिवार रिकामा असेल आणि लोकांना तिथून नकार मिळेल, म्हणून एर्झिगितने तिथे फोन लावला. व्यवस्थापक बाईंना तोवर शेकडो फोन येऊन गेले होते. इतके लोक विचारतात म्हणजे लग्न आहेच, लिहून घ्यायचं आपल्याकडूनच राहिलं, असं समजून त्यांनी मेजवानीसाठी घोडा कापायला सांगितला होता. तुम्ही किती जण येणार, एवढंच त्यांनी विचारलं.

तोल्गनाय रोज आकडा मागत होती आणि एर्झिगित रोज मोजणी चालू आहे म्हणून वेळ मारून नेत होता. खातं बंद असल्याने त्याला आकडा पुन्हा बघताही येत नव्हता, पण एकशे सत्त्याऐंशी हा आकडा विसरण्यासारखा नव्हता. रविवारच्या विमानाने ती परत जाणार होती. शनिवारी सहाला अक केरुएनमध्ये जायचं, सगळ्यांसमोर उभं राहून खरं सांगायचं आणि मग तिला आकडा देऊन मोकळं व्हायचं, असं त्याने ठरवलं. नोकरी गेली तर गेली, पण या लग्नाच्या कटकटीतून तरी सुटका होईल.

सभागृह फुलून गेलं होतं. मांसाची ताटं फिरत होती, बायका वाढीव खुर्च्या मागत होत्या, दुइसेनबाय भाषणाचा कागद खिशातून काढून परत ठेवत होता. आणि पहिल्याच टेबलावर तोल्गनाय बसली होती, जरीची शाल घेऊन.

"तुम्ही इथे कशा?" एर्झिगितच्या तोंडून निघून गेलं.

"मलाही आमंत्रण आलं ना. माझ्या आईचं माहेर इकडचंच आहे, झानाबेर्गेन आगा तिच्या नात्यातले असणार." तिने त्याला शेजारी बसवलं. "आणि तुमची चाचणी मात्र मानली हं. इतकी पक्की चाचणी मी कुठे पाहिली नाही. म्हणे लग्न खोटं आहे, कुणी जाऊ नका! मीही दोनदा वाचलं आणि मग लाल बटण दाबलं. आज मी मुख्य संगणकावरून लाल बटणांचा आकडा काढला. एकशे सत्त्याऐंशी जणांनी लबाडी ओळखली. अहवाल लिहून टाकलाय मी. मंजुरी."

गप्प बसलं तर नोकरी राहत होती. पण चार दिवस त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता, आणि आता नोकरीपेक्षाही आपलं एकदा कुणीतरी खरं मानावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

"ताई, चाचणी ते आमंत्रणच होतं," तो म्हणाला. "लग्न खरंच नाहीये. झानाबेर्गेन म्हणून कुणी नाही."

"मग ते कोण?" तोल्गनायने दाराकडे बोट केलं.

दारात लांब अंगरख्यातला एक म्हातारा बायकोसह उभा होता. कोइशिबायने "झानाबेर्गेन आला" अशी हाक दिली आणि निम्मं सभागृह उठून त्याला मिठ्या मारायला धावलं. तोल्गनायने एर्झिगितकडे दयेने पाहिलं. अहवालात आणखी एक ओळ घालते, ती म्हणाली. सुरक्षा प्रमुख अखेरपर्यंत लोकांना फसवायचा प्रयत्न सोडत नाहीत, अशी निष्ठा विरळा.

एर्झिगित गर्दीतून वाट काढत म्हाताऱ्यापर्यंत पोचला. म्हातारा घामाघूम झाला होता, सगळ्यांचे हात हातात घेत होता, हो हो म्हणत होता. एर्झिगितला पाहताच त्याने त्याची बाही धरली आणि त्याला खांबाआड ओढलं.

"संगणकवाला तूच ना?" तो कानात पुटपुटला. "चार दिवस सगळा मुलूख मला अभिनंदन म्हणतोय. मला काही माहीतच नाही असं कसं सांगू लोकांना? पोरगा बोटीवर आहे, फोन लागत नाही. आमंत्रण तुझ्याच यंत्रातून आलं म्हणे, तर तुला ठाऊक असेल. हळूच सांग बाळा, माझी सून कोणाची लेक?"