टपरी हटवण्यापूर्वीची पाहणी

सार्वजनिक जागेचा भाडेपट्टा संपला की भाडेकरूने आपले बांधकाम स्वखर्चाने हटवून जागा मोकळी करून द्यावी, असे करारातले अकरावे कलम सांगत होते. हे कलम आजवर कोणी वाचले नव्हते. कुलूपवाल्याने वाचले, आणि तिथूनच त्याचे ग्रह फिरले.

तीस वर्षे रस्त्याकडेच्या टपरीत बसून त्याने अख्ख्या वस्तीच्या किल्ल्या घासल्या होत्या. टपरीमुळे रस्ता अडतो, अशी कुरकुर समोरच्या इमारतीतले लोक तितकीच वर्षे करत होते. मुदतीला दोन दिवस असतानाच त्याने मेहुण्याला बोलावले. दोघांनी पत्रे उतरवले, खांब उपटले, चौथरा फोडला आणि जमीन इतकी सपाट केली की टपरी नेमकी कुठे होती हे त्याचे त्यालाच सांगता येईना. बायको म्हणाली, इतकं सरळ वागू नये, अंगाशी येतं.

हटवल्याचा दाखला दिला की नव्या बाजारात गाळा मिळणार होता. तो पाहणी अधिकाऱ्यांकडे गेला. साहेबांनी फाइल उलटसुलट केली आणि हटवण्यापूर्वीची पाहणी झालेली नाही, असे सांगितले.

"पण जागा मोकळी आहे साहेब. येऊन बघा."

"मोकळ्या जागेत बघायचं काय? जी टपरी मी पाहिलीच नाही, ती हटली असं कसं लिहू?"

मार्ग त्यांनीच सुचवला. टपरी पुन्हा उभी करावी, ते येऊन बघतील, मग हटवावी. कुलूपवाल्याने भंगारवाल्याच्या हातापाया पडून आपलेच पत्रे परत आणले. मेहुण्याने जे काय बोलायचे ते मनातल्या मनात बोलून खांब रोवले.

साहेब अकराव्या दिवशी उगवले. टपरीभोवती फेरी मारली, दार उघडून-लावून पाहिले, काम मजबूत आहे म्हणाले आणि अनधिकृत बांधकामाची नोटीस हातावर ठेवली. मुदत संपल्यावर उभारलेली टपरी, त्यांचाही नाइलाज होता. कुलूपवाल्याने हुज्जत घातली नाही. टपरी होती एवढे तरी सरकारदरबारी मान्य झाले, या आनंदात त्याने ती त्यांच्यासमोरच पाडली.

दाखला मिळाला. त्यावर अनधिकृत टपरी हटवल्याचे लिहिले होते. अधिकृत टपरी नोंदवहीत जशीच्या तशी उभी होती. गाळ्याचा अर्ज दोन कारणांनी नामंजूर झाला: अर्जदाराने बेकायदा बांधकाम केले आहे, आणि अर्जदाराला दुकान आहेच.

"अहो, कागदावर दुकान आहे ना? मग जाऊन उघडा की," बायको म्हणाली.

तो हत्यारांची पेटी घेऊन गेला. जागेवर समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांची गाडी उभी होती. ती जराशी पुढे घ्याल का, असे त्याने नम्रपणे विचारले.

"तुमच्याकडे या जागेचा काही कागद आहे?"

त्याने नोंदवहीची नक्कल दाखवली. गृहस्थांनी ती अथपासून इतिपर्यंत वाचली.

"यात टपरी आहे म्हणतात. दाखवा टपरी, लगेच गाडी काढतो."

कुलूपवाल्याने पेटी उचलली. तो हल्ली कुठे बसतो, कोणालाच ठाऊक नाही.

परवा त्या गृहस्थांची किल्ली आत राहून दार लागले. तासभर जिन्यात ताटकळत ते सांगत होते की या वस्तीत साधा एक कुलूपवाला मिळू नये, म्हणजे कारभाराची हद्द झाली. आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याही गाड्या खाली तिथेच होत्या.