सांगणाऱ्याचं नाव

रामटेकेबाबूंना तुम्ही नुसतं 'आज फार उकडतंय' म्हणालात, तरी ते विचारायचे, "कोनं सांगतलं?"

ही थट्टा नव्हती. उत्तर मिळेपर्यंत ते तुमच्यासमोरून हलत नसत. 'कोणी कशाला सांगायला पाहिजे, मलाच उकडतंय,' असं मी कबूल केलं की मान डोलवून म्हणायचे, "मंग तसं म्हन ना, देशकरले उकडून राहिलं." आणि हे बोलताना त्यांच्या स्वतःच्या कानामागून घामाची धार वाहत असायची.

एकदा एका रशियन इंजिनिअरनं दुभाष्यामार्फत आम्हाला सांगितलं की पुढल्या आठवड्यात क्रेन येणार. आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात. रामटेकेबाबूंनी दुभाष्याला विचारलं, "याले कोनं सांगतलं?" दुभाष्या प्रामाणिक होता, त्यानं तेही भाषांतर करून टाकलं. रशियन गोंधळला, मग त्यानं आपल्या चीफचं नाव सांगितलं. रामटेकेबाबूंनी ते नाव तीनदा म्हणवून घेऊन वहीत उतरवलं. दोन ओळी लागल्या.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. धुराड्यांपेक्षा परांच्या उंच दिसायच्या. आमचं ड्रॉइंग ऑफिस म्हणजे टिनाचं शेड. मी तिथं ट्रेसर होतो, म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या रेघांवरून आपली रेघ ओढणारा. रामटेकेबाबू सर्वेअर. वयानं माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, भंडाऱ्याकडचे. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. एकटेच राहायचे. खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तसबिरीखालीही शाईनं लिहिलेलं: 'फोटो देणार: ग. मेश्राम, फिटर.' मी नागपूरच्या महालातला, सोवळ्या घरचा. रोज त्यांच्या खोलीवर चहा प्यायचो, आणि आईला दर आठवड्याला पत्र लिहायचो. चहाचं मात्र कधी लिहिलं नाही.

तर कारखान्यापासून दक्षिणेला लोखंडाच्या डोंगरापर्यंत रेल्वेची लाईन पडत होती. एका ठिकाणी माळ खोदून खोल कटिंग झालं होतं, आणि दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण येणार होतं. त्या मुलखात गोंडांच्या जुन्या पायवाटा. बाजाराची वाट, माहेरची वाट, मिठाची वाट, थेट बस्तरपर्यंत. वाट कागदावर असली तर लाईनवर फाटक मिळणार. कागदावर नसली तर डोक्यावर ओझं घेऊन दोन कोसांचा फेरा, जन्मभर. म्हणून वाटांचा नकाशा करायचं काम निघालं आणि सेक्शनच्या साहेबांनी ते रामटेकेबाबूंना दिलं. पायी हिंडायचं काम दुसरं कोणी घेईना, हे खरं कारण.

आठ दिवसांत होणाऱ्या कामाला त्यांनी तीन महिने लावले.

कारण त्यांना सांगणारं माणूस भेटलं होतं. सुकवारोबाई. गोंडीण, साठीची, काटकुळी, दंडावर गोंदण. आपल्या लोकांत गोंडी बोलायची, आमच्याशी छत्तीसगढी. रामटेकेबाबू तिच्याशी भंडाऱ्याची मराठी बोलायचे. दोघं दिवसभर भांडायची आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं.

मला एकदा तीन दिवस मदतीला पाठवलं. पहिल्या दिवशी माझ्या दोन्ही टाचा सोलल्या, म्हणून मी सगळं नीट पाहिलं. सारखा बसत होतो ना. रामटेकेबाबू साखळी लावून अंतर मोजायचे आणि बाई पुढं जाऊन हसत उभी राहायची. तिचा हिशेब वेगळा. डोक्यावरचं ओझं जिथं उतरवतात ते एक ठाणं. बाजारापर्यंत सात ठाणी, माहेरापर्यंत अकरा, आणि परतताना माहेराची तेरा. "तेरा कावून?" रामटेकेबाबूंनी विचारलं. तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की हा माणूस शिकला कसा. माहेरून येताना ओझं जड असतं, बाबू.

त्यांनी तेही लिहून घेतलं. जाताना अकरा, येताना तेरा. सरकारी नकाशावर.

संध्याकाळी गावात मोहाच्या झाडाखाली नकाशा पसरला जायचा. चार म्हातारे, सात-आठ बाया आणि सुकवारोबाई. रामटेकेबाबू प्रत्येक खूण वाचून दाखवायचे, आणि गाव हो म्हणेल तीच खूण शाईनं पक्की व्हायची. एका जागी बाईनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "ए ल झन लिख." हे नको लिहू. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. रबर घेतलं आणि पुसलं. देवाची जागा होती. भोवती सालाची जुनी झाडं उभी होती, आणि लाकडाचे ठेकेदार नकाशे बघूनच येतात हे गावाला आमच्या ऑफिसपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

नकाशा साहेबांसमोर गेला. साहेब पुण्याकडचे. हुशार, स्वच्छ, आणि स्वतःच्या स्वच्छ मराठीवर खूश.

"रामटेके, हे मधे पांढरं काय सोडलंय?"

"मले माहीत नाही सायेब."

"तुम्ही तिथून गेला होतात ना?"

"गेलो होतो. पन नाही माहीत."

साहेबांनी बोट पुढं सरकवलं. "बरं, इथं सपाट माळ आहे. मग वाट अशी अर्धा मैल वाकडी का जाते? आणि हे काय लिहिलंय? 'वळसा', कंसात 'भांडण'?"

"तिथं बाईचा दीर राह्यते. वावराच्या बांधावरून भांडन झालं. ते त्याच्या दारावरून जात नाही."

"अहो, एका बाईच्या भांडणासाठी सरकारनं फाटक वाकड्या जागी द्यायचं?"

"बावीस वर्सं झाले भांडनाले. आता सारं गावच तिकडून जाते. दीर बी तिकडूनच जाते."

मी ट्रेसिंगवर मान खाली घालून इतका हसलो की शाईचा डाग पडला. साहेब हसले नाहीत. त्यांचं बोट नकाशाच्या खालच्या कोपऱ्यावर येऊन थांबलं होतं. तिथं सुबक अक्षरांत लिहिलं होतं: 'वाट सांगणार: सुकवारोबाई व गावकरी मंडळी.' आणि त्याखाली बारीक: 'रेघ ओढणार: फा. ल. रामटेके.'

"हे काढा. नकाशावर माणसांची नावं नसतात. जागांची असतात."

"जागा काई बोलल्या नाही सायेब. मानसं बोलले."

नकाशा परत आला. रामटेकेबाबूंनी दुसरा काढला. नाव होतंच. तो परत आला. तिसऱ्यात नाव थोडं मोठं झालं. साहेबांनी मेमो दिला. रामटेकेबाबूंनी मेमो घेऊन आलेल्या चपराश्याला विचारलं, "कोनं सांगतलं?" चपराशी म्हणाला, साहेबांनी. "मंग त्याच्यावर सायेबाचं नाव हाय का?" होतं, सहीसकट. "पाह्य," ते मला म्हणाले, "मेमोले नाव लागते, अन् वाटेले नाही लागत."

ऑफिसात दोन महिने आम्हाला हीच करमणूक. मी त्यांची नक्कल फार छान करायचो. त्यांच्या आवाजात 'कोनं सांगतलं' म्हटलं की कँटीनमध्ये चहा फुकट मिळायचा.

मग साहेबांनी मला बोलावलं. सोमवारी कागद रेल्वेकडं जाणार होता, नाही गेला तर फाटकाचा विषय बंद. रामटेके शनिवारी रजेवर होते. साहेबांनी तिसरा नकाशा माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "कोपरा स्वच्छ करून द्या."

ट्रेसिंगच्या कापडावरची शाई ब्लेडनं खरवडून काढतात. हात हलका लागतो, नाहीतर कापड फाटतं. माझा हात हलका होता. 'सुकवारोबाई' हे नाव जायला पाच मिनिटं लागली. रेघ ओढणाऱ्याचं नाव जायला त्याहून कमी. मी ते केलं म्हणून फाटक झालं, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. आणि फाटक मंजूर झालं हे खरंच आहे. वळशावरच झालं, भांडणाच्या जागी.

रामटेकेबाबूंनी छापून आलेली निळी प्रत हातात घेतली, कोपरा पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. ऑफिसात इतका हलका हात एकाचाच आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी काही विचारलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी काही विचारलं नाही, आणि मला आठ दिवस जेवण गेलं नाही.

नवव्या दिवशी रविवार होता. सकाळी दारात उभे. "चाल. बाईले नकाशा दाखवाचा हाय. मी कबूल केलं होतं."

मटेरियल ट्रेनच्या ब्रेकव्हॅनमध्ये आम्ही बसून गेलो. गुंडाळी त्यांच्या मांडीवर. ते बाहेर बघत बोलू लागले.

"माहा बाप वेसकर होता. गावाची शीव कुठं हाय ते त्याले पाठ. सर्वेवाले सायेब आले तं बाप घोड्याच्या पुढं पुढं पये. चार दिवस पयला, वैशाखात. एकेक गोटा दाखवला त्यानं. सायेबानं टेबलावर नकाशा पसरवला, अन् बाप दूर उभा. मी सातवीत होतो. मले म्हने, जाऊन पाह्य, माहं नाव कुठं लिवलं."

"मग?"

"मी गेलो. वाचलं. कोपऱ्यात सायेबाचं नाव होतं. खाली लिवलं होतं, एक इंचाले एक मैल. बाकी काईच नाही. मी त्या इंचावर बोट ठेवलं अन् वरडून सांगतलं, बाबा, हे काय, इथं हाय. बापानं तिथूनच नकाशाले हात जोडले. मरेपर्यंत लोकाईले सांगे, सरकारच्या कागदावर माहं नाव हाय. लोकं विचारत, कोनं सांगतलं? तं म्हने, माह्या पोरानं. शिकलेला हाय."

गाडी थांबली तेव्हा गुंडाळी मी उचलली.

गावात नकाशा पसरला. माणसं जमली, फाटकाची खूण पाहून खूश झाली. दीरसुद्धा आला होता, बाईकडं पाठ करून बसला. सुकवारोबाईनं सगळा नकाशा बोटानं चालून पाहिला, अकराच्या अकरा ठाणी. मग मान वर केली.

"मोर नाव कहां हे, बाबू?"

रामटेकेबाबूंनी निळ्या कागदावर कुठंही बोट ठेवलं नाही. म्हणाले, "नाही बाई. होतं. खोडलं."

"कोन मेटाइस?" कोणी खोडलं?

ते नकाशाची वळणारी कड दाबून सरळ करू लागले. मी म्हणालो, "मी."

बाईनं मला आपादमस्तक पाहिलं. टाचा सोललेला तो हाच, हे तिला आठवलं असावं. रागावली नाही. म्हणाली, "त फेर लिख." तर मग परत लिही.

निळ्या कागदावर पेन्सिल उमटत नव्हती. गावातून वाटीभर चुना आणला, काडी आणली, आणि मी त्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत 'सुकवारोबाई' लिहिलं. तिला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. मेलेल्या नवऱ्याचं नाव सांगितलं, त्यानं पहिल्यांदा तिला ही वाट दाखवली. नणदेचं सांगितलं. मग तोंड वाकडं करून दिराचंही सांगितलं. त्याच्याशिवाय वळसा पडला नसता. कोपरा भरला, मी समासात लिहू लागलो.

तेव्हा रामटेकेबाबू हळूच म्हणाले, "देशकर, एक नाव अजून लिव. लक्ष्मन रामटेके."

"ओ कोन ए?" बाईनं विचारलं.

"माहा बाप."

"ओ ह ए रद्दा म कब रेंगिस?" तो या वाटेनं कधी चालला?

"नाही चालला."

"त झन लिख," बाई म्हणाली.

माझी काडी हवेतच थांबली. मला वाटलं, आता हे भांडतील. रामटेकेबाबूंनी खाली पाहिलं आणि मान डोलवली. "बराबर हाय."

बाईला काय वाटलं कोण जाणे. तिनं त्यांच्या खांद्याला हात लावला आणि आवाज मऊ करून म्हणाली, त्याला घेऊन ये एकदा. माझ्यासंगं चालेल, मग लिहू.

"हो बाई," रामटेकेबाबू म्हणाले, "आनतो." आणि चुन्याची वाटी माझ्या हातातून घेऊन ते ती धुवायला नाल्याकडं निघून गेले.