वाकी नदीवरचं भूमिपूजन

एका जंगलात, बाळांनो, प्राणी इतके वाढले, इतके वाढले, की शेवटी तिथे महापालिका स्थापन करावी लागली. महापालिका आली म्हणजे महापौर आला. महापौर आला म्हणजे हार आले, शाली आल्या, नारळ आले. रस्तेही येणार होते. ते अजून येताहेत.

महापौराचं नाव त्र्यंबक. जातीने रानगवा. अंगाने आडवातिडवा, पण मनाने फार चांगला. हसू नका. महापौर मनाने चांगला असू शकतो.

त्र्यंबक लहानपणीच पोरका झाला होता. त्याला वाढवलं गोदामावशीने. ती होती भेकर, म्हणजे हरणांतलं अगदी लहानखुरं जनावर. बघता बघता त्र्यंबक तिच्यापेक्षा कितीतरी मोठा झाला, पण ती त्याला कान धरूनच उठवायची आणि तो मुकाट्याने उठायचा.

मावशीचं घर वाकी नदीच्या पलीकडे आणि महापौराची खुर्ची अलीकडे. नदी खोल, तळाशी गाळ. त्यात मावशीचे गुडघे धरलेले. निवडणुकीच्या आधी त्र्यंबक पोहत पलीकडे गेला आणि तिच्या पाया पडला.

"मावशी, निवडून आलो की पूल बांधतो. मग तू आपल्या पायांनी चालत ये माझ्याकडे."

"बांध," मावशी म्हणाली. "मी वाट बघते."

प्रचारात त्याने आणखीही पुष्कळ आश्वासनं दिली होती. ती सगळेच देतात. हे मात्र त्याने मनापासून दिलं होतं.

निवडून आल्याबरोबर त्याने पुलाचं भूमिपूजन केलं. काठावर मांडव पडला, सनई वाजली, नारळ फुटला. मोठ्या काळ्या दगडाची कोनशिला बसवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. त्र्यंबकचं नाव ठळक अक्षरांत होतं. स्थायी समितीचा अध्यक्ष असलेल्या माकडाचं नाव अगदी खाली होतं. माकड रुसून झाडावर जाऊन बसलं आणि पुलाच्या खर्चाचा कागदही त्याने वरच नेला.

"आता काय करायचं?" त्र्यंबकने मुख्य अभियंत्याला विचारलं.

मुख्य अभियंता होता अच्युत पाणमांजर. नदीतच राहणारा, त्यामुळे त्याला स्वतःला पुलाची कधी गरज पडली नव्हती.

"नवी कोनशिला करू, साहेब. पुन्हा भूमिपूजन करू. काम सुरूच झालेलं नाही, त्यामुळे अडचण अशी काहीच नाही."

"आणि ही जुनी?"

"हिच्यावर हळदकुंकू पडलंय," अच्युत दचकून म्हणाला. "पूजा झालेला दगड वाटेत कसा टाकायचा? उद्या कुणाच्या पायाखाली आला तर पाप कुणाला? विसर्जन करावं लागेल."

विसर्जनाचा मान महापौराचा. त्र्यंबकने डोकं लावून दगड ढकलला आणि नदीत सोडला. डुबुक असा आवाज झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग काय झालं, सांगा बघू? बरोबर. पुलाचा आराखडा बदलला आणि भूमिपूजन झालं. ठेकेदार बदलला, भूमिपूजन झालं. विरोधी पक्षनेता कोल्हा म्हणाला की मुहूर्तच चुकला होता, तेव्हा त्याच्या समाधानासाठी झालं. शेजारच्या जंगलातून मोठे वाघसाहेब आले. ते एवढ्या लांबून आले, त्यांच्या हस्ते काहीतरी व्हायला हवं होतं, म्हणून झालं.

दर वेळी नवा दगड यायचा आणि जुना पाण्यात जायचा. पहिल्या दगडाने काठाजवळची जागा अडली होती, म्हणून त्र्यंबक पुढचा दगड आणखी आत नेऊन सोडू लागला. त्याच्यापुढचा आणखी आत. होता होता तो गळाभर पाण्यात जायला लागला. गळ्यापर्यंत भिजलेल्या महापौराचे फोटो फार छान यायचे.

पलीकडून मावशी बगळ्याकडे निरोप द्यायची. पूल कुठवर आला?

"काम प्रगतिपथावर आहे म्हणावं," त्र्यंबक सांगायचा. बगळा उडाला की त्याला जेवण जात नसे.

असं करता करता मुदत निम्मी संपली. आता वचनपूर्ती सोहळा करायचा होता. झालेली कामं सांगायची, राहिलेली उद्दिष्टं सांगायची आणि सगळ्यांना लाडू द्यायचे. कामं तशी झाली होती. प्रत्येक झाडाला क्रमांक मिळाला होता. मुख्य पायवाट तीनदा खणली होती आणि दोनदा बुजवली होती. घुबडांच्या वस्तीत दिवे लागले होते, त्याबद्दल घुबडं अजून भांडत होती.

"सोहळ्याच्या सकाळी पुलाचं एक भूमिपूजन ठेवलंय," अच्युत म्हणाला. "दगड घडवून तयार आहे. जुना आज विसर्जित करून टाकू."

त्र्यंबक म्हणाला, "नको, अच्युतराव. आता पुरे. मला लाज वाटते."

अच्युतने महापौराच्या तोंडून हा शब्द पूर्वी ऐकला नव्हता. महापौराची तब्येत बरी नसावी असं त्याला वाटलं.

सोहळ्याला अलीकडचं सगळं जंगल लोटलं होतं. ऊन कडक होतं. त्र्यंबक बोलायला उभा राहिला. झाडांचे क्रमांक सांगून झाले. पायवाट झाली, दिवे झाले. मग पुलाचं वाक्य आलं. अच्युतने ते 'पुलाची प्रक्रिया अंतिम टप्प्यात' असं नीट बांधून दिलं होतं. त्र्यंबकने तोंड उघडलं आणि त्याला पलीकडे वाट बघत बसलेली मावशी दिसायला लागली.

"पूल झालेला नाही," तो म्हणाला. "मी माझ्या मावशीला शब्द दिला होता. मला तो पाळता आला नाही."

कोल्ह्याने राजीनामा मागायला घसा साफ केला.

"झालाय की," मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे वळले. मांडवाच्या दाराशी गोदामावशी उभी होती. थकलेली, धापा टाकणारी, एक पाय चिखलाने भरलेला.

"पाणी उतरलं नि दगड वर आले," ती म्हणाली. "चांगले रुंद आहेत. बसत बसत आले. प्रत्येकावर तुझं नाव आहे, त्र्यंबक. अक्षरं खोल कोरलीत ते बरं केलंस, पाय घसरत नाही."

त्र्यंबकच्या डोळ्यांना धार लागली. तो व्यासपीठावरून उतरला आणि एवढं मोठं धूड मावशीच्या पायाशी बसलं. मावशीने त्याचा कान धरला.

"रडतोस काय? आमच्या बाजूला एक दगड कमी पडलाय. मी घेतली उडी कशीबशी आणि पाय गाळात गेला. सशांची पिल्लं तिथंच खोळंबलीत. तुझं एक भूमिपूजन राहिलंय का रे?"

त्र्यंबक उठला आणि सभा तशीच सोडून नदीकडे धावला. नव्या दगडाची पूजा झाली नव्हती, मुहूर्तही पाहिला नव्हता. त्याने तो तसाच ढकलत नेला आणि पलीकडच्या काठाशी बसवला. पहिला ससा त्यावर उतरला तेव्हा टाळ्या वाजवायला तिथे कुणी नव्हतं. मावशी तेवढी अलीकडच्या काठावरून बघत होती, आणि त्याला तेवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी अच्युत नवा आराखडा घेऊन आला. खऱ्या पुलाचे खांब रोवायचे, तर नदीतले दगड आधी काढावे लागणार होते. त्र्यंबकने आराखडा नीट वाचला, चांगला आहे म्हणाला आणि खर्चाचा कागद झाडावर नेणाऱ्या त्या माकडाकडे मंजुरीला पाठवला.

तात्पर्य : हाती घेतलेलं काम पूर्ण करावं, असं गुरुजी तुम्हाला शाळेत सांगतील. बाळांनो, त्या फंदात पडू नका. कामाची सुरुवात मात्र पुन्हा पुन्हा करावी, आणि दर वेळी दगड चांगला रुंद घ्यावा.