लाकडाला सलाम

करवत लावण्याआधी लाकडाला सलाम करणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. आमचे इब्राहिमचाचा. मूळचे रत्नागिरीकडचे, दुबईच्या खाडीवर लाँचची सुतारकी करायचे. मी शेजारच्या वखारीत कारकून. तेव्हा दुबईत रुपये चालत.

चाचा ओंडक्यावर टकटक करत, "अस्सलामु अलैकुम" म्हणत आणि कान लावत. असं तीनदा. मी हसलो की म्हणत, "कोणाच्या घरात न विचारता घुसायचं? काय रीत हाय का नाय?"

घर भुंग्याचं. मला वाटायचं, भुंगा नुसता लाकडाची नासाडी करतो. चाचांनी मला भर उन्हात भोकासमोर बसवून शिकवलं. पोखरते ती मादी. आत लांब बोळ काढते, टोकाला परागाचा लाडू ठेवते, त्यावर एक अंडं, मग भुशाची भिंत. पुन्हा लाडू, पुन्हा अंडं, पुन्हा भिंत. "चाळ बांधते, चाळ." पिवळा नर बाहेर गुणगुणत फिरतो, त्याला नांगीसुद्धा नसते. "कारकून हाय तो," चाचा माझ्याकडे बघून म्हणायचे.

एकदा पावसाळ्याच्या तोंडावर रत्नागिरीला निघालेल्या एका लाँचच्या सुकाणूचा दांडा मोडला. तेवढ्या जाडीचं लाकूड आमच्या वखारीत नव्हतं, चाचांच्या कामाच्या ढिगात एकच. त्यांनी सलाम केला आणि आतून गुणगुण आली.

"जवाब आला. खलास," म्हणत चाचांनी करवत खाली ठेवली.

अरब नाखवा "यल्ला, यल्ला" अशी घाई करत डोक्यावर बसला. मीही चिडलो. म्हटलं, एका किड्यापायी गिऱ्हाईक घालवता? चाचा आत गेले आणि स्वतःचं सागवान ओढत घेऊन आले. गावच्या घराला नवं दार करायचं म्हणून चार वर्षं जपलेलं. त्याच लाँचनं ते लाकूड घरी जायचं होतं. त्याचा त्यांनी दांडा केला.

लाँच गेल्यावर मला राहवेना. "चाचा, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"दीड महिन्यात पोरं बाहेर येतील," ते भोकाकडे बघत म्हणाले. "तेव्हा आई तिथं हवी. मागाहून जाऊन काय उपेग? मी मागल्या खेपेला घरी गेलो, तर दारात लेक उभी. मला म्हणते, अम्मा घरात नाय, मागाहून या."

माझा राग कुठल्या कुठे गेला. "मग?"

"मग काय. पडवीत बसलो. तिनं पाणी आणून दिलं. पाहुण्यांचा पेला काढून."