हाकेला जाण्याचं शिबिर

एका जंगलात, मुलांनो, कायदा फारसा नव्हता. एक रीत मात्र होती. कोणावर संकट आलं की त्याने आवाज द्यायचा. ज्याच्या कानावर पडेल त्याने तोंडातला घास टाकून धावायचं. कोणी आभार मानत नसे. मानले असते तर ऐकणाऱ्याला राग आला असता.

धोंडबा रानडुक्कर लहानपणी दलदलीत रुतला, तेव्हा सटवाजी साळिंदराने त्याला असाच ओढून काढला होता.

ही रीत राजधानीत कळली. राजाला चैन पडेना. न शिकवता हे करतातच कसे? त्याने बगळा पाठवला. बगळा तज्ज्ञ होता, म्हणजे एका पायावर उभा राहून बोलायचा. त्याने वडाखाली दिवसभराचं शिबिर लावलं. विषय, परस्पर सहकार्य. शेवटपर्यंत बसेल त्याला बिल्ला.

त्याच सकाळी सटवाजीचं बीळ ढासळलं. आत तीन पिलं होती. सटवाजी आता म्हातारा झाला होता. त्याने काटे खडखडवले. कोणी आलं नाही. पुन्हा खडखडवले. मग तो धापा टाकत वडाखाली गेला.

सगळं जंगल तिथे बसलं होतं. पिलं आत अडकलीत, एवढंच त्याने सांगितलं. धोंडबा अर्धा उठला. त्याच्या मुसंडीपुढे ती माती काहीच नव्हती.

"बसा," बगळा म्हणाला. "हाकेला कसं जायचं, ते जेवणानंतर आहे."

धोंडबाने बिल्ल्यांच्या टोपलीकडे पाहिलं. सटवाजीकडे पाहायचं टाळलं. "काका, तेवढं होऊ द्या. लगेच येतो," म्हणाला आणि खाली बसला.

सटवाजी परत गेला. नखं तुटेस्तोवर त्याने एकट्याने उकरलं. दोन पिलं जिवंत निघाली.

उन्हं कलल्यावर सगळे आले. शिकवल्याप्रमाणे दोघादोघांच्या रांगेत, बिल्ले लावून. धोंडबाने पाठ केलेला प्रश्न विचारला, "काका, आपल्याला कोणत्या स्वरूपाची मदत हवी आहे?"

सटवाजी तिसऱ्या पिलाजवळ बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"खड्डा खणून दे, धोंडबा. लहानच लागेल."

खड्डा सर्वांनी मिळून खणला. बगळ्याने अहवालात लिहिलं, जंगलाचा सहभाग शंभर टक्के.

तात्पर्य: शहाण्याने आपलं बीळ जेवणानंतरच ढासळू द्यावं.