जांभळे नऊ दिवस

गोळी मीच झाडली, असं मला आठवतं. सत्तरी उलटल्यावर ‘आठवतं’ म्हणताना जीभ जरा अडखळते. (रसायनशास्त्र शिकवण्यात जन्म गेला. मोजून पाहिल्याशिवाय मी स्वतःचं वयसुद्धा छातीठोकपणे सांगत नाही.) पण मी डोळे मिटून घोडा ओढला, ‘फट्’ असा आवाज झाला, आणि डोळे उघडले तेव्हा न्यायाधीशसाहेबांच्या टकलावर जांभळा डाग होता, एवढं नक्की. बहुधा नक्की.

साहेब तेव्हा माझे व्याही झाले नव्हते. व्हायचे होते, आणि न होण्याचीही पुरेपूर शक्यता होती. त्यांच्या मुलाला पेंटबॉलचं वेड. त्यानेच टूम काढली की दोन्ही घरं मिळून खेळू, ओळख होईल. बंदुकीने एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायच्या, ज्याच्या अंगावर फुटली तो बाद. सोयरीक जुळायच्या आत गोळीबार, या कल्पनेनेच माझी झोप उडाली.

“बाबा,” लेक म्हणाली, “त्याच्या वडिलांना तुम्ही फार घाबरट वाटता. माझ्यासाठी एवढं कराच.”

मग मी मैदानाचे दर पाहिले आणि झोप उडायला दुसरं कारण मिळालं. बंदुकीचं भाडं, मुखवट्याचं भाडं, गोळ्या वेगळ्या! मी ठरवलं, सामान आपलं आपणच जमवायचं. जुन्या सामानाच्या दुकानातून दोन बंदुका आणल्या, एक मला, एक बायकोला. मुखवटेही तिथलेच. (माझ्या मुखवट्यात आधीच्या मालकाचा घाम अजून राहायला होता.) अंगात थंडीचे जाड कोट. राहिल्या गोळ्या.

“त्या तरी विकत आणा,” बायको म्हणाली.

“अगं, जिलेटिनचं कवच आणि आत रंग, एवढंच तर असतं. पस्तीस वर्षं मी कॉलेजात काय केलं?”

“तेच मी पस्तीस वर्षं विचारतेय.”

चॉकलेटच्या साच्यांत मी गोळ्या पाडल्या. पहिल्या खेपेला आत पाणी भरलं. त्या आतून विरघळून फ्रिजमधल्या लोण्यावर ओघळल्या. दुसऱ्या खेपेला ग्लिसरीन वापरलं. रंगासाठी घेतलं लहान मुलांचं तोंड आलं की लावतात ते जांभळं औषध. ते सुरक्षित आहे का, हे मी तीन ग्रंथांत पाहिलं. ते निघतं का, हे एकाही ग्रंथात पाहिलं नाही.

मैदानावर साहेबांनी त्यांच्या बाजूची व्यूहरचना ठरवली, आणि मग आमच्याही बाजूची. “प्रोफेसर, तुम्ही पुढे या. बायकांनी आपलं मागे ड्रमच्या आड बसावं, पाण्याच्या बाटल्या सांभाळाव्यात. उगाच कुणाला लागायचं.”

“बरं,” म्हणत बायको बाटल्या घेऊन ड्रमच्या आड जाऊन बसली. (तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.)

शिट्टी झाली. टायरांच्या ढिगामागून साहेबांनी डोकं वर काढलं. चेहऱ्यावर मुखवटा, पण टक्कल उघडं. मी डोळे मिटले. फट्!

“बाद!” लेक आनंदाने ओरडली.

साहेबही हसले. हसत हसत त्यांनी रुमालाने डोकं पुसलं. डाग गेला नाही, मोठा झाला. पाणी लावलं, तो कानांपर्यंत आला. मी धावत जाऊन साबण लावला.

“घासू नका,” साहेब थंड आवाजात म्हणाले, “पसरतंय.”

“अहो, उद्या निकाल द्यायचाय ना तुम्हाला?” विहीणबाई किंचाळल्या. “भरल्या कोर्टात?”

“प्रोफेसर, कधी जाईल हे?”

“चार दिवसांत. शास्त्रानुसार.”

गाडीचं दार धाडकन लागलं. लेक पांढरीफटक पडली होती. “बाबा, एवढं करा म्हटलं होतं. *एवढं* नव्हतं म्हटलं.”

चार दिवस गेले, फोन नाही. सहा गेले. लेक जेवेना, मला गिळवेना. दहाव्या दिवशी साहेबांचा आवाज आला, “काल गेला डाग. नऊ दिवस लागले, तुमचं शास्त्र तपासा. आणि लग्नाची तारीख ठरवा. माणूस वाटला तेवढा घाबरट नाही.”

त्यानंतर अकरा वर्षं मी प्रत्येक भेटीत माफी मागत आलो. साहेब दर वेळी म्हणत, “नऊ दिवस, प्रोफेसर.” आणि मी मनात म्हणे, चार.

यंदा माळा आवरताना माझी बंदूक सापडली. विकावी म्हणून दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली.

“काका, ही तुमच्या हातून कधी चाललीच नाही.”

“असं कसं? मी हिने एका न्यायाधीशांना मारलंय!”

तो दोन पावलं मागे सरला. मग लांबूनच बोट दाखवून म्हणाला, “हा खटका बघा. लॉक लावलेलं आहे, तसंच गंजलंय. आणि गोळ्या सगळ्या आतच.” जवळ येऊन त्याने बंदुकीवरची गोळ्यांची डबी काढली आणि माझ्या हातावर उपडी केली. जांभळा, चिकट लगदा.

जांभळा तळहात घेऊन मी घरी आलो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

“मग ‘फट्’ कुठून आलं?” मी विचारलं.

“तुमच्या मागून. ते म्हणाले ना, बायकांनी मागे बसावं? बसले.”

“तू? अगं, अकरा वर्षं मी माफी मागतोय!”

“मागता छान. शिवाय त्यामुळेच त्यांना तुम्ही शूर वाटलात, लेकीचं लग्न झालं. मी कशाला बोलू?”

मी घडी घातलेल्या कपड्यांवरच मटकन बसलो.

रविवारी नातीच्या वाढदिवसाला साहेब आले. माझा हात हातात घेताच थबकले. “हे काय, प्रोफेसर?”

मी बायकोकडे पाहिलं. ती फुगे बांधत होती.

“तुमचे नऊ दिवस तपासतोय,” मी म्हणालो, आणि सवयीने माफी मागितली.

पाचव्या दिवशी तळहात जांभळाच होता. सातव्याही दिवशी. साहेबांचं बरोबर होतं: नऊ.