अण्णांना न जमलेलं सोंग

आमच्या शेजारचे अण्णा उमाळकर रोज संध्याकाळी घरमालक होत. ऑफिसातून आले की डोक्याला पंचा गुंडाळत, अंगणातल्या खुर्चीत पाय पसरून बसत आणि समोर उभ्या केलेल्या पोरावर अस्सल भोपाळी थाटात ओरडत, "को खाँ, किराया कहाँ है?"

अण्णांचं स्वतःचं घर कुठेच नव्हतं. छप्पन साली मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली तेव्हा आम्हा कारकुनांना नागपूरहून इकडे आणलं आणि दीड-दीड खोलीची क्वार्टर्स दिली. माझ्याकडे पाच माणसं. अण्णा एकटे, पण घरून पळालेलं पोर स्टेशनवर दिसलं की ते घेऊन येत. आधी जेवण, मग झोप, मग कुठल्यातरी दुकानात काम आणि संध्याकाळी ही तालीम. कधी घरमालक, कधी मुकादम, कधी हवालदार.

"घाबरलास? खुशाल घाबर. पण जागा सोडू नको!"

एका पोराने गळक्या छपरावरून असा वाद घातला की अण्णांनी नसलेल्या खोलीचं भाडं कमी केलं आणि मग, "अरे, फसलो की मी!" म्हणून कपाळाला हात लावला.

"पोरांना शिकवतात की छळतात हो?" आमची ही विचारायची.

मुलताईचा किसन सोळा वर्षांचा. सायकलच्या दुकानात टिकला, जोडीदाराबरोबर खोलीही घेतली. पळून आल्यानंतर पहिल्यांदाच गावी जाऊन बापाला भेटायचं, त्याच्या आदल्या संध्याकाळी तो आला. म्हणाला, "अण्णा, आज माझे बाबा व्हा."

अण्णांनी पंचा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. शेवटी कुंपणावरून मला हाक मारली, "देशकर, तुम्ही बसा. तुम्हाला सवय आहे."

मी हसत जाऊन बसलो. वाक्यं सुचतील की नाही, अशी शंका होती.

"आलास? तोंड दाखवायला लाज नाही वाटली? तुझ्या वयात मी घर चालवत होतो! तुझ्यावर केलेलं सगळं पाण्यात गेलं!"

कुठेही अडलो नाही. सहज पलीकडे बघितलं. आमचा मुलगा शरद ओट्यावर पुस्तक घेऊन बसला होता आणि त्याचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. त्याला सगळं पाठ होतं.

किसन जागचा हलला नाही.

"बाबा, मी तिकडेच राहीन, कमवीन. पण आईला भेटायला येऊ द्या."

मी खुर्चीत पाय जवळ घेतले.

"येऊ द्या ना, बाबा."

हे अण्णा म्हणाले. पन्नाशीचा माणूस, हातात पंचा, किसनच्या मागे मान खाली घालून उभा. यांनीही कधीतरी घर सोडलं होतं आणि एवढं विचारायला ते परत गेलेच नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

"ये," मी म्हणालो. ओट्याकडे बघायचा मात्र धीर झाला नाही.